माळावरचा धाविक

पक्षी पाहावयाचे म्हटलें म्हणजे लोकांच्या डोळ्यांपुढें एक तर दाट अरण्य उभें राहतें, नाहीं तर पाणवनस्पतींनीं भरलेलें एखादें सरोवर. सातारकडील माणूस असेल तर तो कोयनेच्या खोऱ्याकडे किंवा कासच्या पठाराकडे बोट दाखवितो; सांगलीकडील असेल तर सागरेश्वराचें किंवा चांदोलीचें नांव घेतो. या दोन्ही जिल्ह्यांची पूर्वेकडील बाजू, म्हणजे माण, खटाव, आटपाडी, कवठें-महांकाळ, जत हा मुलूख, कोणाच्याहि ध्यानीं येत नाहीं. तेथें काय आहे असें विचारलें, तर "माळ आहे," एवढेंच उत्तर मिळतें. आणि उत्तर देणाराच्या मनांत त्याचा अर्थ "कांहीं नाहीं" असाच असतो. सरकारी दप्तरांतहि या जमिनीला पडीक म्हणण्याची वहिवाट आहे. पडीक हा शब्द मनुष्याच्या बाजूनें खरा असेल. पण ज्या प्राण्यांचा सारा संसार त्या जमिनीवर चालतो, त्यांना तो विचारून ठेविलेला नाहीं.

अशाच एका प्राण्याच्या मागें मी आणि माझा एक शाळासोबती आठ हिंवाळे हिंडत होतों. मराठी पुस्तकांत त्या पक्ष्यास धाविक असें नांव दिलें आहे, व तें त्याला शोभतेंहि. कारण उडण्यापेक्षां धांवण्यावर त्याचा भर फार. शास्त्रीय नांवांतहि तोच अर्थ आहे. कर्सोरियस म्हणजे धांवणारा. नांवाचा उत्तरार्ध कोरोमंडल किनाऱ्यावरून आला असून १७८९ मध्यें ग्मेलिन या जर्मन पंडितानें तें ठेविलें. अंग साळुंकीएवढें, पण पाय टिटवीसारखे उंच व दुधाळ पांढरे. पाठ वाळूच्या रंगाची, माथा तांबूस, डोळ्यावरून एक पांढरी व एक काळी अशा दोन रेघा मागें जाऊन मानेवर मिळतात. छाती विटकरी आणि पोटावर काळा डाग. पुस्तकांतील चित्र पाहून वाटतें कीं, इतका नटलेला पक्षी मैलावरून ओळखूं येईल. प्रत्यक्षांत तो पन्नास पावलांवर स्थिर उभा असला तरी दिसत नाहीं. ढेकूळ, दगड आणि वाळलेलें कुसळ यांच्यांत तो असा मिसळून जातो कीं, डोळा त्याच्यावरून दोनदां फिरून पुढें निघून जातो.

हा पक्षी अत्यंत दुर्मिळ आहे असें मात्र नाहीं, आणि म्हणूनच त्याचें न दिसणें आम्हांला अधिक लागत होतें. माळढोकाची गोष्ट निराळी. एके काळीं दख्खनच्या गवताळ रानांत तो सर्वत्र हिंडत असे. त्याच्याकरितां सोलापुराजवळ नान्नजच्या बाजूस १९७९ मध्यें अभयारण्य झालें, तरी आज साऱ्या देशांत मिळून तो दीडशेंच्या आंतबाहेरच उरला आहे. धाविकाचा एक चुलतभाऊ आंध्रांत आहे. जर्डनचा धाविक म्हणून तो ओळखला जातो. १९०० सालानंतर तो कोणालाच दिसेना, तेव्हां विद्वानांनीं त्याचें नांव नामशेषांच्या यादींत घातलें होतें. आणि १९८६ मध्यें कडप्पा जिल्ह्यांतील झुडपी रानांत, रात्रीं बत्तीच्या उजेडांत, तो पुन्हां सांपडला. असे पक्षी न दिसले तर त्याचा दोष काळाला देतां येतो. आमचा धाविक तसा नव्हे. तो आहे, ठिकठिकाणीं आहे, फक्त आम्ही जाऊं तेथें नाहीं!

या मुलखाच्या पक्ष्यांकडे लक्ष देणारे आम्हीच पहिले आहों, असा वाचकांचा ग्रह होऊं नये. कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या पक्ष्यांची यादी १८३२ मध्यें लंडन येथें प्रसिद्ध केली, आणि तींत एका रातव्याला त्यांनीं "महारट्टेन्सिस" असें नांव दिलें. त्याच्याहि आधीं, १८०१ मध्यें, लेथम यांनीं एका सुतारपक्ष्याला तेंच नांव दिलेलें होतें. पुढें नगर जिल्ह्यांत काम करणारे अमेरिकन मराठी मिशनचे रेव्हरंड सॅम्युएल फेअरबँक यांनीं खंडाळा, महाबळेश्वर व बेळगांव या बाजूंचे पक्षी गोळा करून १८७६ मध्यें त्यांची यादी छापविली. दक्षिणेंत पळणीच्या डोंगरांतील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नांवांत त्यांचें नांव अद्याप आहे. वर्गांत मुलांना हें सांगितलें म्हणजे त्यांना मोठा अचंबा वाटतो. आपल्या मराठ्यांचें नांव एका रातव्यानें व एका सुतारानें जगभर मिरवावें, हें त्यांना किल्ल्यांच्या इतिहासाइतकें ऐटीचें वाटत नाहीं, पण दोघेचौघे तरी सुटीनंतर येऊन विचारतात, "गुरुजी, तो सुतार आपल्या आवारांत येतो का?" येतो. आंब्याच्या वठलेल्या फांदीवर मीं तो पुष्कळांना दाखविला आहे.

आतां आमच्या आठ हिंवाळ्यांविषयीं. मी साताऱ्यास, माझा मित्र सांगलीस, दोघेहि शाळामास्तर. दिवाळीची सुटी व नाताळची सुटी एवढाच आमचा वेळ. पहिल्या वर्षीं आम्ही जतच्या बाजूला गेलों. तेथें चंडोल, डोंबारी, खाटीक, भोंवत्या हे सारे दिसले, धाविक तेवढा नाहीं. दुसऱ्या वर्षीं म्हसवडच्या तलावाच्या वरच्या अंगास. त्यापुढील वर्षांचा हिशेब देण्यांत अर्थ नाहीं. तो एकसारखाच आहे. एकदां दहिवडीच्या पुढें एका मेंढक्यानें मोठ्या खात्रीनें सांगितलें, "काल हितंच हुती की पाच-सात. आज कुठं गेली देव जाणं." हें "काल" आमच्या मागें इतकीं वर्षें लागलें होतें कीं, त्या शब्दाचाच मला कंटाळा आला होता.

माझ्या मित्राचें गांव आटपाडी तालुक्यांत आहे. त्याच्या घरचीं माणसें छापील कागदावर आपलीं नांवें पाहून संकोचतील, म्हणून त्याचें, त्याच्या भावाचें वा गांवाचें नांव येथें देत नाहीं. हा सारा भाग पूर्वीं औंध संस्थानांत होता. व्यंकटेश माडगूळकरांचें माडगुळें याच तालुक्यांतलें, आणि १९५५ सालीं पुस्तकरूपानें निघालेल्या "बनगरवाडी"मुळें येथील मेंढपाळांचें जिणें साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक झालें. पाऊस थोडा, तोहि लहरी. म्हणून या बाजूच्या पुष्कळ घरांतील तरुण गलाईच्या धंद्यासाठीं, म्हणजे सोनें-चांदी गाळून शुद्ध करण्यासाठीं, देशाच्या कानाकोपऱ्यांत पांगलेले आहेत. मित्राचे एक चुलते असेच मद्रासेकडे गेले ते तिकडचेच झाले. वडील मात्र गांवांतच राहिले. १९७२ च्या दुष्काळांत त्यांनीं रस्त्याच्या कामावर खडी फोडली आणि पुढेंहि चांगलें वर्ष येईल या आशेवर चौदा एकर माळ संभाळला. त्या माळांत मटकी, हुलगा, क्वचित् बाजरी, एवढेंच पिकावयाचें.

मित्र नऊ वर्षांचा असतांना त्याच माळाच्या कडेला वडील कुळव धरीत होते आणि हा बैलांपुढें चालत होता. उन्हाळ्याचे दिवस. एकाएकीं एक पाखरूं पुढून पळत गेलें, थबकलें, पुन्हां पळालें. वडिलांनीं कुळव थांबविला व खालीं वांकून पाहूं लागले. उघड्या मातीवर, घरटें म्हणावें असें कांहींहि नसतां, दोन अंडीं पडलेलीं होतीं. ठिपक्याठिपक्यांचीं, अगदीं खड्यांसारखीं. वडिलांनीं बैल वळवून घेतले आणि वावभर जागा न कुळवतां सोडली. पाखराचें नांव त्यांना ठाऊक नव्हतें, व तें ठाऊक असावें असें त्यांना वाटलेंहि नाहीं. आमच्या शाळेच्या ग्रंथसंग्रहांत सलीम अली यांचें १९४१ सालीं प्रथम निघालेलें भारतीय पक्ष्यांवरील पुस्तक होतें; सातवीत असतांना त्यांतील चित्रावर बोट ठेवून मित्र मला म्हणाला, "हें आमच्या रानांतलें." म्हणजे मला तो पक्षी प्रथमच पाहावयाचा होता, त्याला तो पुन्हां पाहावयाचा होता. दोहोंत अंतर आहे, आणि या आठ वर्षांत तें मला पुष्कळदां जाणवलें. पक्षी न दिसल्यानें मी चिडत असें. तो गप्प होई.

गेल्या कार्तिकांत त्याचें पत्र आलें. तो अद्यापि पत्रें लिहितो, ही त्याची एक जुनी खोड. पत्र चारच ओळींचें होतें. टेंभूचें पाणी शिवारांत आलें आहे. धाकटा भाऊ माळ फोडून डाळिंब लावणार आहे. संक्रांतीनंतर यंत्र येणार आहे. येत असलास तर नाताळांतच ये.

हें टेंभूचें पाणी म्हणजे काय, तें पश्चिमेकडील वाचकांस सांगावयास हवें. कऱ्हाडाजवळ टेंभू या गांवीं कृष्णेचें पाणी अडवावयाचें आणि तें प्रचंड पंपांनीं एकामागून एक टप्पे चढवून कडेगांव, खानापूर, आटपाडी, तसेंच सोलापूर जिल्ह्यांतील सांगोला, अशा कोरड्या भागांत न्यावयाचें, अशी ही योजना आहे. १९९६ मध्यें ती मंजूर झाली. परंतु कागदावरील मंजुरी आणि शेतांतील पाणी यांच्यामध्यें किती वर्षांचें अंतर असतें, हें दुष्काळी मुलखांतील माणसालाच विचारावें. आटपाडीस पाणी परिषदा भरत; क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासारखे वयोवृद्ध पुढारी त्यांत उभे राहत; हजारों शेतकरी भाकरी बांधून येत. येरळेकांठीं बलवडीच्या लोकांनीं तर त्याच्याहि आधीं नदींतील वाळू विकून त्या पैशांत आपल्या श्रमानें बळीराजाच्या नांवाचें धरण बांधलें. ज्यांनीं एवढें केलें त्यांच्या दारीं पाणी आलें असतां, "पण मग धाविकाचें काय?" असें विचारणें सोपें नाहीं. मीं तें पत्र दोनदां वाचलें. मित्रानेंहि त्यांत तसें कांहीं विचारलेलें नव्हतें.

नाताळच्या सुटींत आम्ही मायणीस भेटावयाचें ठरविलें. मी साताऱ्याहून कोरेगांव, पुसेगांव, वडूज या वाटेनें आलों, तो विट्याकडून आला. मायणीचा तलाव इंग्रजी अमदानींतला. रोहित पक्ष्यांमुळें त्याची कीर्ति झाली, आणि २०२१ मध्यें त्या परिसराला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा मिळाला. रोहित हे मोठे मनस्वी पाहुणे. कोणत्या वर्षीं मायणीस उतरतील, कोणत्या वर्षीं येरळवाडीस किंवा सूर्याचीवाडीस, याचा नेम नसतो. आम्ही गेलों त्या दिवशीं तरी तेथें नव्हते. चक्रवाकाचीं चार जोडपीं, शेकाटे, एक चमचा, आणि पाण्यावर काळ्या घोळक्यांनीं तरंगणारे वारकरी. काळ्या अंगावर कपाळीं पांढरा टिळा, म्हणून या पक्ष्याला हें नांव पडलें असावें. ज्यानें तें ठेविलें त्याला मी मनांतल्या मनांत नमस्कार करतों. मी आणखी घटकाभर बसलों असतों, पण मित्राचें चित्त तेथें नव्हतें. "पाण्यावरचे पक्षी पुढल्या वर्षींहि येतील," तो म्हणाला, आणि आम्ही आटपाडीची गाडी धरली.

रात्रीं त्याच्या घरीं बाजरीची भाकरी व हुलग्याचें माडगें झालें. थंडींत या माडग्यासारखें दुसरें सुख नाहीं. धाकटा भाऊ मितभाषी, अंगानें काटक, हाताला घट्टे. जेवण झाल्यावर त्यानें कागद पसरून आम्हांला बागेचा आराखडा दाखविला: अमुक ओळी, अमुक अंतर, ठिबकच्या नळ्या येथून येथें. बोलतांना त्याच्या आवाजांत जो हुरूप होता तो मीं त्याच्यांत पूर्वीं कधीं पाहिला नव्हता. मीं सहज विचारलें कीं, चौदाच्या चौदा एकर मोडणार का?

तो कागदावरची नजर न काढतां म्हणाला, "गुरुजी, तुमी पाखरं बघाया आलाय, बघा. आमची ना नाय. पर आमचा बाप खडी फोडत हुता तवा ह्या माळानं त्याला काय दिलं? पाखराला समदं रान हाय. आमाला येवढंच हाय."

"तुला कोण नको म्हणतंय?" मित्र म्हणाला.

"तू नाय म्हणत, दादा. पर तुझं त्वांड म्हणतंय."

यावर दोघेहि हंसले. मीहि हंसलों; पण अंथरुणावर पडल्यावर बराच वेळ झोंप आली नाहीं. माझा पगार महिन्याच्या महिन्यास येतो, मग पाऊस पडो वा न पडो. ज्याचा येत नाहीं त्याला माळाचें सौंदर्य समजावून सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, हा विचार कांहीं केल्या जाईना. उलट, शंभर माणसांनीं आपापला चौदा एकराचा तुकडा मोडला म्हणजे "समदं रान" कोठें राहतें, हाहि हिशेब सुटेना. हिशेब दोन्ही बाजूंनीं बरोबर येत होता, हीच त्यांतील अडचण.

पहांटे पांचास आम्ही निघालों. तारे अजून स्वच्छ होते आणि वाटेवरच्या धुळीला गारठा चढला होता. माळ म्हणजे सपाट मैदान अशी जी कल्पना असते ती चुकीची आहे. त्याला चढउतार असतात, मध्येंच मुरुमाची टेकडी वर येते, एखादी घळ पावसाळ्यांतलें वाहणें लक्षांत ठेवून पडलेली असते. कुसळी गवत गुडघ्याच्या खालीं. बोरी-बाभळीचीं झुडपें तुरळक. झुंजूमुंजू होतांच चंडोल बोलूं लागला. तो जमिनीवरून बोलतां बोलतां वर चढतो, आणि आकाशांत ठिपका झाला तरी त्याचें गाणें खालीं पडत राहतें. मग तित्तरांची कलकल. मग पखुर्ड्यांची एक रांग दूर पाण्याकडे जातांना, आपल्या किलबिलत्या आवाजांत, डोक्यावरून गेली. या पखुर्ड्यांचे नर पोटाच्या पिसांत पाणी भिजवून आणून पिलांना पाजतात. कोरड्या रानांत संसार करावयाचा म्हणजे असें कांहीं शिकावें लागतें.

आम्ही माळाचे मनांतल्या मनांत पट्टे पाडले आणि एकमेकांपासून साठ-सत्तर पावलांवर राहून एक एक पट्टा चालत गेलों. वीस पावलें चालावयाचें, थांबावयाचें, दुर्बीण लावून समोरचें सारें रान डावीकडून उजवीकडे सावकाश पाहावयाचें, मग पुन्हां वीस पावलें. शिकारी लोकांची ही रीत आहे. बंदूक वगळली तर आमच्याहि कामाची. सात वाजले, आठ वाजले. भोंवत्याची एक मादी गवतावरून अगदीं खालून तरंगत गेली. हे भोंवते मध्य आशियाकडून हिंवाळ्यापुरते येतात आणि माळावरच्या टोळांवर व उंदरांवर जगतात. ती गेल्यावर चंडोल पुन्हां बोलूं लागले. पिवळ्या गाठीच्या माळटिटव्या दोनदां दिसल्या, आणि दोन्ही वेळां माझें काळीज उगाच उडालें.

नवाच्या सुमारास एक धनगर म्हातारी मेंढरें घेऊन आली. तिनें आमच्याकडे पाहिलें, दुर्बिणीकडे पाहिलें.

"काय हुडकताय, बाबांनो?"

मित्रानें हातानें उंची दाखविली, पळण्याची तऱ्हा सांगितली: तुरुतुरु पळतें, थांबतें, मान खालीं घालून कांहीं टिपतें, ताठ होऊन बघतें, पुन्हां पळतें.

"हां, ती व्हय? हिकडं गवतात कशाला गावतील ती? तिकडं वरल्या अंगाला जावा. मेंढरं बसिवली हुती तिथं. रान कसं चकोट झालंय. तिथं किडूक असतंय बगा."

हें ऐकून आम्ही दोघेहि थबकलों. पुस्तकांत लिहिलें आहे कीं या पक्ष्याला उघडी, विरळ गवताची, चरून लहान झालेली जमीन आवडते. मुंग्या, भुंगेरे, टोळ, रातकिडे हें त्याचें खाद्य. तें वाक्य मला पाठ होतें. पण लेंडी पडलेल्या, मेंढरें बसविलेल्या रानांत कीड अधिक, म्हणून तो तेथें असणार, ही सांगड म्हातारीनें एका वाक्यांत घालून दिली. पक्षी पाहणारांनीं मेंढक्यांपाशीं अधिक बसावें, असें माझें मत त्या दिवसापासून झालें आहे.

वरलें अंग म्हणजे मित्राच्याच माळाचा उत्तरेकडील उतार. तेथें पोंचलों तेव्हां ऊन्ह चढलें होतें. उतारावर चुन्याच्या पांढऱ्या रेघा मारलेल्या होत्या व त्यांच्या टोंकांना बांबूच्या खुंट्या ठोकलेल्या. यंत्रानें कोठवर सपाटी करावयाची त्याची ती खूण. मित्र तिकडे पाहत क्षणभर उभा राहिला. मग त्यानें एकाएकीं खालीं बसून माझ्या धोतराचा, म्हणजे सदऱ्याचा म्हणूं या, शेव ओढला. धोतर नेसण्याचे दिवस गेले, पण लेखणीची संवय जात नाहीं.

"त्या तिसऱ्या खुंटीच्या डावीकडे," तो कुजबुजला. "दगडाशेजारी. हलूं नको."

मला दगड दिसला. शेजारीं आणखी एक दगड दिसला. तो दुसरा दगड चालूं लागला.

त्यानंतरच्या अर्ध्या तासाचें वर्णन करतांना मला शब्द आंवरावे लागतील. एक दिसला म्हणजे दुसरे दिसूं लागतात. डोळ्याला किल्ली सांपडते. ते सात होते. वाळूच्या रंगाच्या त्या पाठींवर ऊन्ह पडून कडा किंचित् उजळल्या होत्या, आणि एकानें आमच्याकडे छाती वळविली तेव्हां तो विटकरी रंग इतका उबदार दिसला कीं, हें चित्र छापतांना सलीम अलींच्या चित्रकारानें हात आंखडता घेतला असेंच मला वाटलें. डोळ्यावरच्या दोन रेघा मानेमागें जेथें मिळतात तेथें नेटका कोन होतो. कोणी काळजीपूर्वक गंध लावावें तसा. पळण्याची तऱ्हा तर अशी कीं, शरीर जागच्या जागीं स्थिर आणि खालीं पांढरे पाय तेवढे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरताहेत. दहा-बारा पावलें अशी धांव, मग एकदम थांबणें, मग कमरेंतून वांकून चोंचीनें कांहीं उचलणें, मग ताठ मान. सातहि जण हाच क्रम करीत, पण कोणी कोणाच्या मेळांत नव्हता. त्यामुळें सारा उतारच अधूनमधून हलतो आहे असा भास होई. एक तर चुन्याच्या रेघेवरूनच धांवत गेला, आणि त्या पांढऱ्या पट्टीवर तो पहिल्यांदाच अगदीं उघडा पडला.

बऱ्याच वेळानें माझ्या ध्यानांत आलें कीं मित्रानें दुर्बीण डोळ्यांना लावलेलीच नाहीं. ती त्याच्या मांडीवर होती. तो नुसत्या डोळ्यांनीं बघत होता, नवव्या वर्षीं बघितलें असेल तसा. मीं कांहीं विचारलें नाहीं.

मागून पावलें वाजलीं. धाकटा भाऊ आमची न्याहारी घेऊन आला होता. मित्रानें हातानें त्याला खालीं बसण्याची खूण केली व आपली दुर्बीण त्याच्या हातीं दिली. त्याला ती प्रथम लावतां येईना. मग एकदम त्याचा श्वास थांबल्यासारखा झाला.

"ही व्हय!" तो म्हणाला. "ही तर म्यां कितींदा बघितल्यात. नांगरताना पळत्यात पुढनं. मला वाटलं तुमी कायतरी मोठं, मोरावानी हुडकताय." आणि थोड्या वेळानें, "येवढी देखणी हायती व्हय? जवळनं कवा दिसलीच न्हाईत."

माझ्या ओठांवर शब्द आले होते. आतांच बोलावें, लोखंड तापलें आहे, असें वाटत होतें. मित्रानें माझ्या मनगटावर हात ठेवला व मान हलविली. मला त्याचा राग आला. अजूनहि थोडासा आहे. पण भाऊ त्याचा, माळ त्यांचा आणि खडी फोडणारा बापहि त्यांचा. म्हणून मी गप्प बसलों. आम्ही तिघांनीं तेथेंच भाकरी-चटणी खाल्ली. धाविक चरत चरत चढावापलीकडे गेले. शेवटचा एक उंचवट्यावर उभा राहून आकाशाच्या पार्श्वभूमीवर क्षणभर दिसला व मागल्या बाजूस उतरला. उडाला त्यांतला एकहि नाहीं.

उतरतांना मित्र भावाला सहज विचारावें तसें म्हणाला, "या वरल्या अंगाला माती किती असंल रं?"

"माती कुठली? वीतभर मुरूम, खाली खडक हाय."

"मग डाळिंब धरंल?"

"खड्डं सुरुंगानं घ्यावं लागत्याल." भाऊ थोडा थांबला. "खर्च लई हाय त्यात."

"बघ बाबा."

"बघू."

एवढेंच बोलणें झालें. आमच्या बाजूस "बघूं" या शब्दाचे किती अर्थ होतात हें वाचकांस ठाऊक आहेच.

मी साताऱ्यास परतलों. संक्रांत झाली, शाळेच्या परीक्षा जवळ आल्या. फाल्गुनांत मित्राचें पत्र आलें. यंत्र येऊन गेलें. खालचे दहा एकर सपाट झाले, नळ्या पसरल्या, रोपें लागलीं. भाऊ दिवसरात्र तेथेंच असतो व पहिल्या पाण्याच्या दिवशीं आईनें पाण्याची ओटी भरली. वरल्या अंगाचा चारेक एकरांचा उतार तसाच राहिला आहे. खडकामुळें राहिला, कीं डिझेलच्या खर्चामुळें, कीं आणखी कशामुळें, हें भाऊ सांगत नाहीं आणि मित्र विचारीत नाहीं. त्या धनगर म्हातारीला मात्र भावानें निरोप पाठविला होता कीं, मेंढरें यंदाहि वर बसवावयास हरकत नाहीं. खुंट्या काढल्या, चुन्याच्या रेघा अवकाळी पावसाच्या एका सरीनें गेल्या.

पत्राच्या शेवटीं त्यानें लिहिलें होतें: "चैत्रांत ये. अंडीं घातलीं असलीं तर लांबूनच पाहूं, जवळ जावयाचें नाहीं. आणि जाड तळाच्या वहाणा घालून ये. तुझ्या त्या शहरी पायताणांना कुसळ आवरत नाहीं."